गुर्द्याचं पुडिंग

"कुत्रा काय म्हणतोय, मिसेस स्ट्राउड?" ओले नावाच्या कसायानं गुर्दे कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"बरा आहे," हिल्डा म्हणाली.

हिल्डाच्या घरात कुत्रा नव्हता. पानगळीच्या सुमारास तिनं पहिल्यांदा गुर्दे मागितले, तेव्हा ओलेनं सहज म्हटलं होतं, "कुत्र्यासाठी ना?" मागे चर्चमधल्या दोन बायका उभ्या होत्या, म्हणून तिच्या तोंडून "हो" निघून गेलं. कोलोरॅडोतल्या त्या खाणीच्या गावात गुर्दे कुणी माणसं खात नसत. पुढच्या खेपेला त्यानं कुत्र्याचं नाव विचारलं. घाईत तिला सुचलं ते वडिलांचं.

"विल्फला सांगा, आज अगदी ताजे आहेत," ओले म्हणाला. "आणि ही चरबी? पाखरांसाठीच ना?"

हिवाळ्यात गावातले लोक चरबीचे गोळे अंगणातल्या झाडांना टांगत, पाखरं येऊन टोचत बसत. हिल्डानं मान डोलावली.

"कुत्र्याचं झालं, पाखरांचं झालं. घरातल्या माणसांना काही घालता की नाही?"

गुर्दे आणि चरबी तो फुकट देई. हिल्डा दर वेळी थोडं चांगलं मांसही घेई, म्हणजे चोरी केल्यासारखं वाटत नसे. पुडी कोटाच्या आत धरून ती चढ चढू लागली. हे गाव दोन मैल उंचीवर वसलेलं. सात वर्षं झाली तरी या चढावर तिला धाप लागायची आणि तिच्याच वयाच्या बायका गप्पा मारत तिला मागे टाकून जायच्या.

घरी तिचे वडील चुलीजवळच्या खुर्चीत कोट घालून बसले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. ते रिकाम्या कपाकडे बघत होते.

"विल्फ कुत्र्यासाठी गुर्दे आणलेत," ती म्हणाली.

"या घरात कुत्रा होणंच बरं," विल्फ्रेड क्लेग म्हणाले. "त्याला निदान सगळे विचारतात, काय खातोस म्हणून."

कुत्र्याची हकिकत तिनं त्यांना पहिल्यांदा सांगितली, त्या दिवशी ते इथे आल्यापासून पहिल्यांदाच हसले होते. म्हणून ती अजून कुत्रा पाळून होती.

हिल्डा मूळची लँकाशायरमधल्या ओल्डमची. गिरण्यांचं गाव, धुराडी, ओल्या विटा, एकाला एक चिकटलेली घरं. तिचे वडील गिरणीच्या बॉयलरवर आयुष्यभर कोळसा घालत आले. लढाईच्या काळात तिनं एका अमेरिकन सैनिकाशी, व्हर्लिन स्ट्राउडशी, चॅपलमध्ये म्हणजे वस्तीतल्या छोट्या चर्चमध्ये लग्न केलं आणि लढाई संपल्यावर तिच्यासारख्याच नवऱ्या मुलींनी भरलेल्या बोटीतून इकडे आली. व्हर्लिन खाणीत कामाला होता. मोठ्या आवाजात बोलत नसे, दारू पीत नसे, रविवारी तिच्याबरोबर चर्चला येई. इतक्या चांगल्या माणसाविरुद्ध तक्रार करायला जागाच नसते. हिल्डाला काही होत असलं तर ते ती स्वयंपाकघरावर ढकलत असे. पीठच वेगळं आहे. चहालाच रंग येत नाही. लोणी गोड लागतं.

आई गेल्याची तार आली तेव्हा घाट बर्फानं बंद होता आणि धाकटी मुलगी पोटात होती. तिला जाता आलं नाही. त्यानंतर तिनं वडिलांच्या मागे धोशाच लावला, इकडे या, एकटे काय करता तिथे. शेवटी मागच्या उन्हाळ्यात ते आले, एका पेटीत सगळा संसार घालून.

तिकडे अजून मांसाला रेशनचं कूपन लागत होतं. इथे टेबलावर मांसाचे एवढाले तुकडे येत, पण वडिलांना घास उतरत नव्हता. पाव त्यांना केकसारखा गोड लागे. बीन्स गुळात कालवल्यासारखे. आणि चहा. चहाचं दुःख तर मोठंच होतं. चहा आधी आणि दूध मागून, भांडं आधी गरम पाण्यानं विसळून घ्यायचं, पानं मोजून टाकायची, वर लोकरीची टोपी घालून ठेवायचं, सगळं यथासांग. कपात यायचं ते पिवळट कोमट पाणी. त्यांनी पानं बदलून पाहिली, किटली बदलून पाहिली, बर्फ वितळवून त्याचं पाणी करून पाहिलं. काही फरक पडला नाही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी ते म्हणाले, "पोरी, मी आपला परत जातो."

हिल्डाच्या हातात इस्त्री होती. ती तिनं उभी करून ठेवली. "बाबा, इतक्यात नको. थोडं थांबा ना."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विषय बदलावा म्हणून म्हणाले, "मग असं कर. तुझी आई करायची तसं गुर्द्याचं पुडिंग एकदा खाऊ घाल मला. अगदी तसं जमलं, तर जायचं नाव काढणार नाही मी."

त्यांनी ते वेळ मारून नेण्यासाठी म्हटलं. हिल्डानं तो शब्द धरून ठेवला. वडील गेले तर या घरात ओल्डमचं बोलणं संपणार होतं. ती आणि वडील बोलू लागले की व्हर्लिन दोघांच्या तोंडाकडे बघत बसे. इंग्रजीच होतं ते, पण त्याला उमगत नसे. "काय म्हणतात?" तो विचारी. ती सांगे, पण थोडं गाळून. वडील म्हणत, "हा पाव भिंतीला लावायला बरा आहे." ती सांगे, "पाव मऊ आहे म्हणतात." व्हर्लिन खूश होऊन आणखी दोन तुकडे त्यांच्या ताटलीत ठेवी. वडील तिच्याकडे असे बघत, की तिला तोंड फिरवून हसू दाबावं लागे. असं हसू तिला गेल्या सात वर्षांत आलं नव्हतं.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी पुडिंग. चरबी किसून पिठात मिसळायची, गार पाण्यानं भिजवायचं, लाटून चिनी मातीचं खोलगट भांडं आतून लिंपून घ्यायचं. आत मांस, गुर्दे, कांदा, मिरपूड. वर त्याच पिठाचं झाकण, त्यावर मांजरपाटाचा फडका, तोंडाशी सुतळी. मग ते भांडं मोठ्या पातेल्यात पाण्यात ठेवून दुपारपर्यंत उकळायचं. पातेल्याच्या तळाशी आईसारखीच एक पालथी बशी. बशी खुळखुळतेय तोवर पाणी आहे, आवाज थांबला की पाणी घालायचं.

चर्चहून येऊन भांडं उघडलं की प्रत्येक वेळी तेच. बाहेरून पांढरं, आतून गचगचीत. गुर्दे रबरासारखे. वडील मुकाट्यानं थोडं खात आणि म्हणत, "बरंय." व्हर्लिन म्हणे, "छान झालंय," आणि टोमॅटोच्या लाल सॉसची बाटली त्यावर उपडी करी. मुली पुडिंगातलं मांस वेचून खात आणि पीठ ताटलीच्या कडेला सरकवून ठेवत.

हिल्डा नेमानं प्रार्थना करणारी बाई. पण देवाकडे पुडिंग मागायची तिला लाज वाटे. लोकांवर काय काय प्रसंग असतात, आणि आपण देवाला चरबीपिठात कुठे ओढायचं? ती नुसतं म्हणे, "त्यांना इथे करमू दे." पातेल्यात काय आहे ते देवाला दिसतच होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी इतकं बर्फ पडलं, की चर्च उघडलंच नाही. खिडकीच्या खालच्या काचा बुजल्या. घाट बंद, रस्ता बंद, व्हर्लिन फावडं घेऊन दारापासून फाटकापर्यंतची वाट मोकळी करत होता आणि मागून ती पुन्हा भरत होती. गुर्दे आदल्या दिवशी आणलेलेच होते. हिल्डानं सकाळीच पुडिंग चढवलं. वडील खुर्चीत डोळे मिटून बसले होते. बशी खुळखुळू लागली.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आवाज चुकीचा आहे."

"कसला?"

"पाण्याचा. उडतंय खूप, पण जोर नाही त्यात." ते उठले, पातेल्याशी आले. झाकण काढून त्यांनी वाफेत हात धरला. मागे घेतला, पुन्हा धरला. हिल्डा म्हणाली, "बाबा, भाजेल."

"याहून जास्त भाजायला हवं होतं." त्यांनी हात उलटा करून पाहिला. मग ते पाण्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर एकदम कामावरच्या माणसाचा भाव आला, हिल्डानं तो लहानपणी गिरणीच्या फाटकातून पाहिला होता. "आमच्या इंजिनाला एक कंडेन्सर असायचा. वापरलेली वाफ त्यात जायची. त्यातली हवा पंपानं काढून घ्यायचे. हवेचा दाब नाही म्हटल्यावर पाणी हाताला सोसेल इतक्यातच उकळायला लागतं. नुसतं फसफसतं, शिजवत काही नाही."

"मग?"

"मग काय? इथे वर हवाच नाही. तुला चढ चढवत नाही, मला जिना चढवत नाही. हे आख्खं गावच कंडेन्सरमध्ये बसवलंय, पोरी. आणि मी गाढव सहा महिने चहाच्या पानांना शिव्या घालतोय."

तेवढ्यात मागचं दार उघडून शेजारची अँका आत आली, यीस्ट मागायला. अँका खाणकामगाराची विधवा, स्लोव्हेनियाहून तरुणपणी आलेली, गुडघाभर बर्फ तुडवत चार दारं फिरणारी. हिल्डानं तिला सगळं सांगितलं. वडिलांनी इतकी मोठी गोष्ट शोधून काढली याचा तिला अभिमान वाटला होता.

अँकानं डोक्यावरचा रुमाल झटकला. "हे आत्ता कळलं? इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. कुकरशिवाय बीन्स चढवले तर शिजेपर्यंत वसंत येईल."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं. आलीस त्याच वर्षी सांगितलं, कुकर घे म्हणून. तू नाक वर करून म्हणालीस, आमच्या आईनं असलं कधी घरात आणलं नाही."

हिल्डाला आठवलं. ती तसंच म्हणाली होती. इकडची प्रत्येक वस्तू घरात घेताना तिला वाटे, की आईची एक वस्तू बाहेर जातेय. म्हणून सात वर्षं ती आईसारखंच पातेलं, आईसारखीच बशी धरून बसली होती, आणि सात वर्षं कच्चं खात होती.

"काय म्हणतेय ती?" वडिलांनी विचारलं. अँकाची इंग्रजी त्यांना कळत नसे.

"म्हणते, कुकर घ्या."

"किती पौंड दाबाचा?" वडील म्हणाले.

अँकाचा कुकर केवढातरी होता, बाटल्यांत भरलेल्या भाज्या टिकाव्यात म्हणून वाफवायचा, जाड, झाकणाला सहा पेच आणि वर दाब दाखवणारी काट्याची तबकडी. व्हर्लिननं तो बर्फातून छातीशी धरून आणला. वडिलांनी कोट काढला. बाह्या वर केल्या. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं, झडप वर-खाली करून पाहिली, आणि अँकाला म्हणाले, "कोण झाकण लावायचं हे? पेच समोरासमोरचे आवळायचे असतात, एकाच बाजूनं नाही."

"काय म्हणतो म्हातारा?" अँकानं विचारलं.

"कुकर छान आहे म्हणतात," हिल्डा म्हणाली.

पुडिंगला पातेल्यात जाऊन फार वेळ झाला नव्हता. ते तसंच उचलून कुकरमध्ये ठेवलं. वडिलांनी आधी झडप उघडी ठेवली. "पीठ फुगू दे. एकदम दाबलं तर दगड होईल." वाफ सुं करत छतापर्यंत गेली. मग त्यांनी झडप बसवली आणि स्टूल ओढून काट्यासमोर बसले. कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. काटा चढला की ते जाळ कमी करत, उतरला की वाढवत.

धाकटी म्हणाली, "आजोबा, तुम्ही जेवायलाही इथेच बसणार का?"

"बॉयलरवर माणूस लागतो," ते म्हणाले. मोठीनं काटा वाचायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि लाल रेघ दाखवली. "याच्या पुढे गेला, की ओल्डमपर्यंत आवाज."

ते भजन गुणगुणत होते. हिल्डा बटाटे सोलत पाठमोरी उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पाहिलं तर सगळं नाहीसं होईल असं वाटून. तिला वाटलं, थांबले. आता हे थांबले. वसंतात त्यांच्यासाठी मागच्या खोलीला चांगली खिडकी करून घेऊ, अँकाकडून कोबीची रोपं आणू. देवानं ऐकलं, आणि कुकरमधून ऐकलं.

दुपारी झाकण उघडलं. सुतळी कापली, फडका काढला, भांडं ताटात उपडं केलं. पुडिंग भांड्यातून अलगद सुटलं आणि उभं राहिलं, तकाकणारं, फिकट तपकिरी. सुरी घातली तसा दाट काळसर रस ताटभर पसरला. वास आल्याबरोबर हिल्डानं तो ओळखला. चॅपलवरून आल्यावर, ओले कोट दाराशी टांगताना येणारा वास.

वडिलांनी प्रार्थना म्हटली. मग सगळे जेवले. व्हर्लिननं दोन घास घेतले, बाटलीकडे गेलेला हात मागे घेतला आणि ताटली पुन्हा पुढे केली. मुलींनी पीठसुद्धा खाल्लं. वडील हळूहळू खात होते. रस त्यांनी पावानं पुसून घेतला, त्याच भिंतीला लावायच्या पावानं.

"कसं झालंय?" हिल्डानं शेवटी विचारलंच.

"तुझ्या आईचंच आहे," ते म्हणाले. "कणभर कमी नाही."

व्हर्लिननं हे ऐकलं, आणि या वेळी त्याला कळलं. त्यानं टेबलावर थाप मारली, मुलींना कोट चढवले आणि फावडी घेऊन तिघं बाहेर गेली. बर्फ थांबलं होतं.

हिल्डा वाट बघत होती. वडिलांनी चमचा ताटलीत सरळ ठेवला.

"म्हणजे पुडिंगमुळे नव्हतं, पोरी."

"काय?"

"मला वाटत होतं, तोंडाला चव आली की जीव रमेल. इतके महिने तेच धरून बसलो. पुडिंग कच्चं होतं तोवर बरं होतं, काहीतरी चुकतंय म्हणता यायचं. आता काय म्हणू? पोट भरलंय, चव तीच आहे, आणि मला घरी जायचंय." त्यांनी ताटली पुढे सरकवली. "तुझ्या आईच्या कबरीवर कोण जातं, देव जाणे."

"तुम्ही शब्द दिला होता," हिल्डा म्हणाली. तिला स्वतःलाच तो आवाज लहान मुलीचा वाटला.

"दिला होता. धरलास तर थांबेन. तू धरणार का?"

हिल्डानं टेबलावरचं सांडलेलं मीठ बोटानं एकत्र केलं. धरला असता तर ते राहिले असते. कॉलर आणखी सैल झाली असती, रोज "बरंय" म्हटलं असतं. तिला ठाऊक होतं कसं असतं ते. मनात नसताना घरात बसून राहिलेलं माणूस कसं दिसतं, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

"घाट उघडला की जा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि तू? येतेस?"

"मी कशी येऊ, बाबा? माझं सगळं इथे आहे."

"माहीत आहे मला. कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं, म्हणून विचारलं."

ते उठले, कोट घातला आणि आपल्या खोलीत पडायला गेले. हिल्डानं ताटल्या गोळा केल्या. बाहेर फावड्यांचा आवाज येत होता. मुली खिदळत होत्या.

व्हर्लिन आत आला तेव्हा ती भांडी घासत होती. बूट दाराशी काढून, गाल लाल झालेले, त्यानं फडकं घेतलं आणि ताटल्या पुसू लागला. तो खुशीत होता.

"कुकर घेऊनच टाकू आपण," तो म्हणाला. "म्हातारबुवांना कामही झालं. काट्यापुढून हलत नव्हते. आता नाही जायचे ते."

"जाणार आहेत. घाट उघडला की."

"का? चाटूनपुसून खाल्लं की."

"हो."

"मग? माझं काही चुकलं का? खोली गार पडते का त्यांना?"

"तुझं काही नाही, व्हर्लिन."

त्यानं ताटली पुसली, पुन्हा पुसली. "तू बरी आहेस ना?" त्यानं विचारलं.

तो अधूनमधून हे विचारत असे. तिच्याकडे उत्तरं तयार असत, पिठाची, लोण्याची, चहाची. हिल्डानं ओट्यावर नजर फिरवली. सगळी भांडी धुऊन उपडी घातलेली होती. उरलेलं पुडिंग ताटात होतं, अगदी जसं हवं तसं झालेलं.

"नाही," ती म्हणाली.

व्हर्लिननं फडकं खांद्यावर टाकलं. बाहेरून धाकटी त्याला हाका मारत होती. त्यानं हातातली ताटली खाली ठेवली, एक खुर्ची तिच्यासाठी ओढली, एक स्वतःसाठी, आणि बसला.